थांबाबाई

कोकरेबाईंना मुलं पाठीमागं 'थांबाबाई' म्हणायची, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. एकदा कुणीतरी फळ्यावर खडूनं तसं लिहूनच ठेवलं. बाई वर्गात आल्या, फळा पाहिला, त्या शब्दापुढं एक ठसठशीत पूर्णविराम दिला आणि म्हणाल्या, "काम अर्धवट टाकू नये." मग तास सुरू.

नाव पडायला कारणही तसंच होतं. एखादं पोरगं धडा वाचताना उतारावरच्या बैलगाडीसारखं सुसाट सुटलं की बाई टेबलावर टिचकी मारायच्या. "थांबा. स्वल्पविराम आहे. इथं माणूस श्वास घेतो." पोरगं थांबायचं. "घे की मग." पोरगं श्वास घ्यायचं, त्याच्याबरोबर सगळा वर्ग घ्यायचा. मी शेजारच्या वर्गात गणित शिकवायचे. मधली भिंत पत्र्याची. पलीकडून "थांबा" ऐकू आलं की फळ्यावरचा माझा खडूही क्षणभर थांबायचा.

आमची शाळा न्हावऱ्याहून निमोण्याकडं जाणाऱ्या रस्त्याला एका वाडीत होती. नव्वद सालानंतर केव्हातरी मी तिथं लागले, तेव्हा बाई तिथल्या जुन्या झालेल्या होत्या. न्हावऱ्याबाहेर त्यांच्या वडिलांची वस्ती होती. आधीच्या पिढ्या मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जाणाऱ्या. वडलांनी, म्हणजे धुळाआप्पांनी, शेताला पाणी आल्यावर थोडा ऊस, थोडा कांदा केला, पण दाराशी पाचपंधरा मेंढरं ठेवलीच. बाई शिरूरला आत्याकडं राहून शिकल्या. लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही तो विषय काढला नाही. सकाळच्या एसटीला आम्ही दोघी बरोबर असायचो. खिडकीची जागा त्यांची, कारण त्यांना पाट्या वाचायच्या असत.

पाट्या वाचणं हा त्यांचा छंद की आजार, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. खताच्या दुकानाच्या पाट्या, गुऱ्हाळाच्या, ट्रॅक्टरच्या मागं रंगवलेल्या ओळी. पुढं फ्लेक्सचा जमाना आला आणि बाईंचं डोकं तापायला लागलं. कुणाच्यातरी वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि त्यापुढं उद्गारचिन्हांची रांगच्या रांग. "एवढ्या काठ्या घेऊन कुणाला हाणायला निघालेत हे?" त्या एकदा एसटीत मोठ्यानं म्हणाल्या. पुढच्या बाकावरचा फेटेवाला म्हातारा वळून बघायला लागला. फ्लेक्सवरचा माणूस त्याचाच पुतण्या निघाला. पण म्हातारा हसला. म्हणाला, "व्हय बाई, काठ्याच हायत त्या. लय मारकुटं हाय ते."

उद्गारचिन्ह वापरायला त्यांनी मुलांना बंदी केली नव्हती, पण परवानगी लागायची. निबंधात कुणी दिलं तर विचारायच्या, "इथं तू खरंच ओरडला असतास का? ओरडून दाखव." पोरगं लाजायचं. मग "खोड ते." आणि एखादं पोरगं खरोखर ओरडून दाखवायचं, तेव्हा बाई खूश. "राहू दे, राहू दे. ते खरं आहे."

आमचे हेडसर सज्जन, पण मेमो द्यायची हौस. एकदा बाई प्रार्थनेला नव्हत्या तर शिपायाबरोबर चिठ्ठी आली, 'आपण आज प्रार्थनेस हजर नव्हता.' बाईंनी त्याखाली लिहून परत पाठवली, 'वाक्याच्या शेवटी पूर्णविराम आहे, त्याअर्थी आपणास हे माहीत आहे. प्रश्नचिन्ह असते, तर उत्तर दिले असते.' हेडसर स्वतः स्टाफरूममध्ये आले. आम्हाला वाटलं, आता भांडण. ते म्हणाले, "बाई, विचारतो. प्रश्नचिन्ह धरून विचारतो. का नव्हता?" बाई म्हणाल्या, "मेंढी व्यायली सर. अडली होती." त्या दिवसापासून हेडसरांच्या चिठ्ठ्या नीट येऊ लागल्या.

या सगळ्यात गंमत होती तसा त्रासही होता. लग्नपत्रिका छापणाऱ्याशी त्या भांडायच्या. शेजारणीनं मुलीच्या सासरी लिहिलेलं पत्र वाचायला दिलं तर मजकुरावर बोलायच्या आधी टिंबं बघायच्या. माणसं दुखावायची. एकदा तर मूल दुखावलं. रोहिदास नावाचा नववीतला मुलगा होता. त्याचा थोरला भाऊ विहिरीत पडून गेला, त्यावर त्यानं कविता लिहिली आणि भीतभीत बाईंना दाखवायला आणली. बाईंनी ती घरी नेली आणि सवयीनं लाल शाईनं स्वल्पविराम, अर्धविराम देऊन परत केली. पोरानं कागदाची घडी घातली आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेत येईना.

रविवारी बाई मला घेऊन त्याच्या घरी गेल्या. रोहिदास गोठ्यात शेण भरत होता. बाई तिथंच दगडावर बसल्या. "तुझी कविता मला वाचून दाखव. मी चुकीची वाचली." त्यानं कागद आणला. वाचताना तो कुठंच थांबला नाही. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत एका दमात, जसं काही कुठं थांबला असता तर रडलाच असता. बाई म्हणाल्या, "हिला एकही चिन्ह नको. तू बरोबर लिहिलीस. माझ्या खुणा खोडून टाकते." पण लाल शाई खोडायची कशी? त्यांनी पर्समधून कोरा कागद काढला आणि गोठ्याच्या कट्ट्यावर वही ठेवून ती कविता आपल्या हातानं जशीच्या तशी उतरवून दिली. त्यानंतर मुलांच्या लिहिण्यावर त्यांनी शाई कधी वापरली नाही. पेन्सिल. "आपण सुचवायचं. ठरवायचं लिहिणाऱ्यानं."

दहावीला कविता शिकवताना त्यांनी एक प्रकार केला, तो आमच्या शाळेत पुढं बरीच वर्षं सांगितला जात होता. धुळाआप्पांना त्यांनी वर्गात आणलं. आप्पा उंच, वाळलेले, खांद्यावर घोंगडी. खुर्चीवर बसेनात, भिंतीला टेकून खालीच बसले. बाईंनी मुलांना सांगितलं, "आप्पा ओवी म्हणतील. तुम्ही नुसते शब्द लिहून घ्या. चिन्हं देऊ नका." मग त्यांनी ती ओळ आधी स्वतः सरळ, सपाट सांगितली आणि मुलांनी लिहून घेतली:

आई बसली दारात वाट बघती पाण्याची घागर रिकामी

"आता सांगा, स्वल्पविराम कुठं?" सगळ्या वर्गानं एकच सांगितलं. पाण्याची, यापुढं. आई पाण्याची वाट बघते, घागर रिकामी आहे. आमच्या भागात टँकरची वाट बघणं काय असतं ते पोरांना शिकवावं लागत नव्हतं.

"आप्पा, म्हणा."

आप्पांनी कानावर हात ठेवला. त्यांचा आवाज त्या पत्र्याच्या खोलीला मोठा होता. "आई बसली दारात... वाट बघती..." आणि तिथं ते थांबले. चांगले थांबले. मग खाली येऊन, हळू, "पाण्याची घागर रिकामी."

मी दारात उभी होते. माझा वर्ग मी सोडूनच आले होते. पहिल्या बाकावरची संगीता म्हणाली, "बाई, ती पाण्याची वाट बघतच न्हाई."

"मग कुणाची?"

"कुणाची ते सांगितलंच न्हाई. कुणीतरी गेलंय."

आप्पा तिच्याकडं बघून मान हलवत होते. बाई म्हणाल्या, "आप्पा, पुन्हा एकदा म्हणा." आप्पांनी पुन्हा म्हटली आणि या वेळी सरळ 'पाण्याची' म्हणून थांबले! पोरं गोंधळली. एक जण म्हणाला, "आप्पा, मघाशी तर 'बघती'ला थांबला होता!"

"व्हय," आप्पा म्हणाले. "दुस्काळात असं म्हणायचं. कुणी गेलं म्हंजी तसं म्हणायचं. मला आत्ता दोन्ही आठवलं."

"मग बाई, खरं कुठलं?" मुलांनी विचारलं.

बाईंनी दोन्ही ओळी फळ्यावर लिहिल्या, दोन ठिकाणी दोन स्वल्पविराम देऊन. म्हणाल्या, "जो म्हणतो त्यानं ठरवायचं. आपण फक्त ऐकायचं की तो कुठं थांबला. न ऐकता आपलंच टिंब दिलं, तर ती ओवी त्याची राहत नाही."

हीच संगीता दहावी झाली, बारावी झाली आणि तिचं लग्न झालं. नदीपलीकडच्या गावात दिली होती. दिवाळीला माहेरी आली ती परत गेली नाही. तिची आई एके दिवशी शाळेत आली. स्टाफरूममध्ये आम्ही दोघीच होतो. तिनं फार काही सांगितलं नाही, एवढंच म्हणाली, "उलथनं तापवून लावलंय बाई. दंडाला. दोन येळा." आणि म्हणाली, रविवारी बैठक आहे, तिकडची माणसं येणार आहेत, आबा येणार आहेत. पोरीच्या बाजूनं बोलायला घरात शिकलेलं बाईमाणूस कुणी नाही. तुम्ही नुसतं येऊन बसा.

आबा म्हणजे त्या भागातलं वजनदार माणूस. सोसायटी, दूध डेअरी, आमच्या शाळेची स्थानिक समिती, सगळीकडं त्यांचा शब्द. माणूस वाईट नव्हता. मोडण्यापेक्षा जोडलेलं बरं, एवढंच त्यांना येत होतं आणि आजवर ते खपतही आलं होतं.

बैठक संगीताच्या वडलांच्या अंगणात होती. सतरंजीवर पुरुष, ओट्यावर बायका. बाई ओट्यावर खांबाला टेकून बसल्या, मी त्यांच्या शेजारी. नवऱ्याच्या चुलत्यानं माफीसारखं काहीतरी पुटपुटलं. संगीताचे वडील, रामभाऊ, मान खाली घालून बसले होते. धाकट्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं. आबा म्हणाले, "पोरीचं काय म्हणणं हाय ते एकदा लिहून घ्या, म्हंजी पुन्हा कटकट न्हाई." सोसायटीचा सेक्रेटरी कागद घेऊन बसला. संगीताला दाराआडूनच विचारलं. ती तोंडाला पदर लावून, रडत, एका दमात काहीतरी बोलली. सेक्रेटरीनं ऐकलं तसं लिहिलं आणि कागद आबांकडं दिला.

आबांनी मोठ्यानं वाचलं. "मी नांदायला जाणार, नाही माहेरी राहणार. झालं! पोरगी शहाणी हाय. घ्या सही."

तिकडची माणसं हलली, कुणी चहाचं बघा म्हणालं. संगीताची आई माझ्याकडं बघत राहिली. दाराआड काहीच आवाज नव्हता.

"आबा, थांबा," बाई म्हणाल्या.

"काय झालं बाई?"

"कागद जरा बघू."

सेक्रेटरीनं कागद आणून दिला. बाईंनी वाचला, मलाही दाखवला. त्यावर लिहिलं होतं, 'मी नांदायला जाणार नाही माहेरी राहणार'. पुढं मागं काही नाही.

"यात स्वल्पविराम नाही," बाई म्हणाल्या.

सतरंजीवर हशा पिकला. आबाही हसले. "बाई, ही काय तुमची दहावीची परीक्षा हाय व्हय?"

"नाही आबा. परीक्षेत चुकलं तर अर्धा मार्क जातो."

हसू हळूहळू थांबलं. बाई उठून उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. "तुम्ही 'जाणार' म्हणून थांबलात. ती कुठं थांबली, ते आपल्यातल्या कुणी ऐकलं का? मीही नाही ऐकलं. ती रडत होती. तिलाच वाचू द्या."

"एकदा बोलली की ती!" नवऱ्याचा चुलता म्हणाला.

"मग दुसऱ्यांदा बोलंल. तुमचं काय जातंय?" बाईंची शाळेतली भाषा गेली होती, वस्तीवरची आली होती.

आबांनी हात वर केला. "वाचू द्या."

संगीता बाहेर आली. पदर डोक्यावर होता, पण तोंडावरून काढला होता. तिनं कागद घेतला. "मी नांदायला जाणार नाही," ती म्हणाली, आणि थांबली.

अंगणात कुणी हललं नाही. गोठ्यात म्हैस साखळी ओढत होती, तेवढाच आवाज. संगीतानं वडलांकडं पाहिलं, आबांकडं पाहिलं. कुणालाही मध्ये बोलता आलं असतं. कुणी बोललं नाही. मग ती म्हणाली, "माहेरी राहणार."

बाईंनी पर्समधली पेन्सिल पुढं केली. संगीतानं ती घेतली नाही. तिनं सेक्रेटरीच्या हातातलं पेन मागून घेतलं, कागद खांबावर धरला आणि 'नाही'च्या पुढं खूण केली. कागद पुन्हा बाईंकडं आला तेव्हा मी पाहिलं. तिथं स्वल्पविराम नव्हता, पूर्णविराम होता. शाई कागदाच्या पाठीमागं उमटेल इतका दाबून दिलेला.

रामभाऊ पहिल्यांदा बोलले. "लेकीनं सांगितलंय आबा. आता ऱ्हाऊ द्या."

घरी येताना बाई म्हणाल्या, "मी स्वल्पविराम मागत होते गं. पोरीनं माझ्या पुढं जाऊन पूर्णविराम दिला." आणि रस्त्यात थांबून पदरानं डोळे पुसले. त्यांना रडताना मी तेवढंच पाहिलं.

संगीताची सुटका व्हायला पुढं कोर्टात वेळ गेला, पण झाली. तिनं नर्सिंगचा कोर्स केला आणि शिरूरला एका दवाखान्यात लागली. धाकटीचं लग्नही झालं. अडलं काही नाही.

बाईंचं मात्र त्या बैठकीनंतरच्या जूनमध्येच व्हायचं ते झालं. आबांनी केलं की त्यांच्या आजूबाजूच्यांनी, कुणास ठाऊक. संस्थेकडून बदलीचा आदेश आला. दौंडच्या शाखेत. स्टाफरूममध्ये आम्ही सगळे चिडलो. अर्ज करा, भेटायला जाऊ, असं चाललं होतं. बाईंनी आदेश दोनदा वाचला. म्हणाल्या, "भाषा चांगली आहे. एक चिन्ह इकडचं तिकडं नाही. कुणीतरी शिकलेल्या माणसानं लिहिलाय." घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि तासाला गेल्या. पलीकडून नेहमीसारखं "थांबा" ऐकू आलं. त्या दिवशी मला पुढचं गणित सोडवता येईना.

आप्पा वस्तीवर बाईंच्या भावाकडं राहिले आणि बाईंनी दौंडला रेल्वे कॉलनीच्या मागं एक खोली घेतली. मला वाटलं होतं, त्या तिथं कोमेजतील. तसं काही झालं नाही. त्यांच्या वर्गात आता रेल्वेवाल्यांची पोरं होती. घरी कुणी हिंदी बोलणारं, कुणी तेलुगू. "व्याकरणाचा आनंदी आनंद आहे," मी भेटायला गेले की त्या सांगायच्या, "पण थांबायला सगळ्यांना येतं. सगळ्या भाषांत माणसाला धाप लागतेच." स्टेशनवरच्या रेकॉर्ड केलेल्या घोषणांवर त्यांचा राग होता. तुकडे जोडून केलेल्या त्या वाक्यात घोषणेतली बाई भलत्याच जागी थांबायची. "हिला कुणी श्वास घ्यायला शिकवलंच नाही," असं म्हणत त्या मला गाडीपर्यंत सोडायला यायच्या.

पुढं भाच्यानं त्यांना मोबाईल दिला. त्या फोनवर मराठी अक्षरं नव्हती. बाई इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायच्या, पण स्वल्पविरामासाठी तेच एक बटण पुन्हा पुन्हा दाबत बसायच्या. सगळं जग अक्षरं गाळून मेसेज पाठवत होतं, आणि बाईंचा 'पोचले, जेवले, काळजी नको.' असा शेवटच्या टिंबासकट यायचा.

त्या निवृत्त झाल्यावरही दौंडलाच राहिल्या. आप्पा तोवर गेले होते. मी शेवटची गेले ती उन्हाळ्यातली दुपार होती. फोन करून गेले नव्हते. खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि आतून त्यांचा आवाज येत होता. घरमालकीण, शेवंतामावशी, खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांची नजर गेली होती. बाई त्यांना पेपर वाचून दाखवत होत्या. कांद्याच्या भावाची बातमी होती.

आवाज तोच होता, पण त्यात काहीतरी निराळं होतं. थोडं ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं. बाई वाक्याच्या मध्येच थांबत होत्या. शब्दाच्या मध्ये सुद्धा. छातीत घरघर होती. दमा झाल्याचं त्यांनी मला एकदा ओझरतं सांगितलं होतं. इतका वाढला असेल असं वाटलं नव्हतं. त्या थांबल्या की शेवंतामावशी मनापासून "व्हय" म्हणत होत्या, मग ते वाक्य पुरं झालेलं असो की नसो.

एके ठिकाणी 'बाजार' म्हणून बाई अडकल्या. बराच वेळ पुढचा शब्द येईना.

"व्हय," मावशी म्हणाल्या.

बाईंनी पेपर खाली घेतला. "मावशी, इथं थांबायचं नव्हतं. माझा दम गेला."

"असू द्या की बाई," शेवंतामावशी म्हणाल्या. "मला कुठं घाई हाय."

बाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग हसल्या, चष्मा सारखा केला, पेपर वर घेतला आणि तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागल्या. सावकाश, हवं तिथं थांबत. मी दारातच उभी राहिले. आत जायला मला त्या दोघींमध्ये जागा सापडेना, आणि बातमी संपेपर्यंत ती शोधावीशीही वाटली नाही.